पलंगावर कोण निजतं

मावशीचं दार वाजवणं त्या इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. बोटाच्या पेराने हलकेच टकटक, मग जरा दम, मग पुन्हा तशीच टकटक. आणि ती झाली की मावशी मागे सरून समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी. म्हणजे दार किलकिलं करणाऱ्याला ती डोक्यापासून पायापर्यंत दिसावी, आणि तिच्या मागे कोणी दडलेलं नाही हेही दिसावं. उघडलं तर उघडलं. नाही उघडलं तर ती पायरीवर बूड टेकून वाट बघायची. एका खट म्हाताऱ्याने तर नुसती परीक्षा घ्यायची म्हणून तिला अख्खी सकाळ ताटकळत ठेवलं होतं. अखेर त्याचाच जीव कासावीस झाला. दार उघडून तो वैतागून म्हणाला, "तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?" मावशी म्हणाली, "हेच काम आहे." म्हातारा इतका हसला, की हसता हसता उंबऱ्यावरच बसला.

गंमत अशी, की याच बाईने उभा जन्म दारांना बाहेरून कड्या घालण्यात काढला होता. मनोरुग्णांच्या इस्पितळात ती आया होती. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. त्या वजनाने ती एका अंगाला कलून चालायची, आणि नोकरी संपून जुडगा परत केला तरी कलणं काही गेलं नाही. धाकटी बहीण, जिच्याकडे ती राहायची, कपडे शिवून पोट भरणारी फटकळ बाई. ती म्हणायची, "ताई, किल्ल्या त्यांनी घेतल्या, निदान कंबर तरी आपली आपण आणायचीस."

नोकरी सुटल्यावर मावशी घरी बसली, आणि बसली म्हणजे अक्षरशः बसलीच. तेव्हा एका संस्थेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर, बंद पडलेल्या गाड्यांमधून पडून राहणारी माणसं. कोणाचं डोकं ठिकाणावर नाही, कोणाला बाटलीने धरलंय, कोणाला सुईने, आणि बहुतेकांना दोन्हींनी. अशांना ही संस्था आधी खोली द्यायची. सुधारा, मग खोली देऊ, असं नाही. आधी छप्पर, दार, आणि दाराची किल्ली त्याच्या हातात, औषधपाणी त्यानंतर. खोली त्याची. त्याने या म्हटलं तर आत जायचं. हे ऐकल्यावर मावशी म्हणाली होती, की इतकी वर्षं आपण हे उलटं करत होतो की काय?

आता या कामात एक गोष्ट सगळ्यांच्या अनुभवाची होती. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेला माणूस खोलीत आला, की पलंगावर निजत नाही. दाराशी जमिनीवर निजतो, पायात बूट तसेच, दार अर्धवट उघडं. गादी त्याला गिळायला उठते. पलंग कसा सरळ, घडी न मोडलेला, दुकानातून आणल्यासारखा राहतो. मग एक दिवस चादर विस्कटलेली दिसते, आणि संस्थेत आनंदीआनंद. "पलंग झाला," एवढंच सांगायचं, की सगळ्यांना कळायचं. ज्याने ती बातमी आणली त्याला मोठ्या बाई स्वतःच्या हाताने चहा करून द्यायच्या. तो चहा इतका वाईट व्हायचा, की बातमी खरीच असल्याशिवाय कोणी आणायचं नाही.

तर घड्याळजीची गोष्ट. हा एकेकाळी घड्याळं दुरुस्त करायचा. चणीने लहानसा, बोटं बाईसारखी बारीक. पुढे भिंतीतल्या पाइपातून त्याच्याशी कोणीतरी बोलू लागलं. ही जागा तुझी नाही, ऊठ, असं तो पाइपातला सांगायचा. त्याचं तोंड बंद करायला घड्याळजी पिऊ लागला, आणि पिता पिता दुकान, बायको, घर, सगळं एकेक करून सांडलं. राहिला पुलाखाली. गेल्या थंडीत पायाची बोटं काळी पडली आणि काही कापावी लागली. संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हा माणूस आणखी एक थंडी बाहेर काढणार नाही.

याआधी त्याला मिळालेल्या जागा हातच्या गेल्या होत्या. आता ही दुसऱ्या मजल्यावरची खोली होती, आणि यानंतर काही नव्हतं. मालकाने संस्थेला खोल्या भाड्याने देताना एकच अट घातली होती, एक खोली, एक माणूस. ती पाळली जाते का हे बघायला त्याचा माणूस अधूनमधून यायचा. सतत नाक ओढणारा, हसऱ्या चेहऱ्याचा. खोलीत दुसरं कोणी राहताना सापडलं, की तो हसत हसतच कुलूप लावायचा.

घड्याळजी आला तोही सगळ्यांसारखाच. दाराशी, जमिनीवर, बुटांसकट. पाइपाला त्याने टॉवेल गुंडाळला होता. मावशी यायची, खुर्चीत बसायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची. गोळी घेतली का, असं ती कोणाला विचारायची नाही. इस्पितळात तेवढंच विचारून तिची जीभ झिजली होती. येता जाता पाकिटावर नजर टाकली की झालं. गोळ्या हळूहळू कमी होत होत्या, बाटली खोलीत दिसत नव्हती, टॉवेल एक दिवस पाइपावरून निघून खुंटीवर गेला. घड्याळजीने तिच्या बहिणीचं बंद घड्याळही चालू करून दिलं. गाडी रुळावर येत होती म्हणायची.

आणि मग एका आठवड्यात जणू सुगीच आली. मावशी गेली तर चादर विस्कटलेली. उशीला खळगा. दार, जे कायम उघडं असायचं, ते आता आतून लावलेलं. गोळ्यांचं पाकीट पार रिकामं, घड्याळजी पुढचं मागतोय. डाळतांदूळ दुपटीने संपतोय. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी मावशीची गत झाली. तिने कचेरीत जाऊन नुसतं "पलंग झाला" म्हटलं, मोठ्या बाईंनी चहा टाकला, आणि मावशीने तो शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन दाखवला.

घड्याळजीचे डोळे लाल असायचे, हे तिला दिसलं होतं. पण नव्या गादीवर सुरुवातीला झोप लागत नाही, असं त्याने सांगितलं आणि तिने मानलं. मानायचं असलं की माणूस काहीही मानतो.

घरी येऊन तिने बहिणीला सगळं रंगवून सांगितलं. धाकटी मशीनवर वाकली होती. तिने दोरा दातांनी तोडला, कापड झटकलं आणि विचारलं, "ताई, पलंगावर झोपतो, दोघांचं जेवतो, गोळ्या भराभर संपवतो, वर दार आतून लावून घेतो. हे सगळं एकच माणूस करतो का?"

मावशी म्हणाली, तू आपली बाह्या शिव. पण त्यानंतर तिचा घास तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीची वेळ सोडून गेली. इमारतीत शिरली आणि जिन्याखालच्या पोकळीतून, जिथे पाण्याचा पंप होता तिथून, घड्याळजी बाहेर आला. अंगावर भिंतीचा चुना, गालावर गोणपाटाचा ठसा. सकाळी फिरायला गेलो होतो, म्हणाला. मावशीने वर येऊ का म्हणून विचारलं. तो जिन्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून "या" असं आलं खरं, पण ते विहिरीतून आल्यासारखं.

वर गेल्यावर त्याने किल्ली काढली. आणि कुलपात घालण्याआधी त्याने दार वाजवलं. आपल्याच खोलीचं दार, बोटाच्या पेराने, हलकेच. मावशीला वाटलं आपली नक्कल करतोय. ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून हसू जागच्या जागी विरलं.

खोलीत कोणी नव्हतं. पडदा ओढलेला, हवेत शिळ्या धुराचा वास. पलंग नेहमीसारखा विस्कटलेला. मावशीचे गुडघे जिन्याने बोलायला लागले होते, म्हणून ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि आधाराला हात मागे गादीवर ठेवला.

गादी गरम होती.

घड्याळजी खिडकीशी उभा होता, तिच्याकडे न बघता. न्हाणीघराचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी येत होती, आणि त्या पट्टीत दोन ठिकाणी काळोख होता. दोन पावलांएवढा.

इस्पितळातल्या आयुष्याने मावशीला एक शिकवलं होतं, की आवाजात फरक पडू द्यायचा नाही. ती तशीच बोलत राहिली. थंडी लवकर पडणार म्हणतात. या खिडकीला जाड पडदा हवा. पट्टीतला काळोख हलला नाही. नळाचा थेंब पडत होता, आणि दोन थेंबांच्या मधल्या वेळात पलीकडचा माणूस श्वास धरून ऐकतोय, हे तिला पाठीच्या कण्यातून कळत होतं. मग ती उठली आणि म्हणाली, की धाकटीचं घड्याळ पुन्हा अडलंय, तुम्ही जरा माझ्याबरोबर चला. घड्याळ काही अडलं नव्हतं. घड्याळजी मुकाट्याने निघाला. जाताना त्याने दार ओढून घेतलं, अगदी अलगद, आत आजारी माणूस झोपला असावा तसं.

कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, पुढे एक बाकडं. तिथे बसल्यावर घड्याळजी बोलायला लागला, आणि बोलत गेला.

पुलाखाली एक मुकादम होता. कधीकाळी बांधकामावर माणसं हाकायचा, म्हणून ते नाव. उंच, पांढऱ्या केसांचा, आवाज कधी न चढवणारा. कोणी कुठे निजायचं हे तो ठरवायचा, आणि त्याने दाखवलेली जागा नाकारणारा दुसऱ्या दिवशी तिथे दिसायचा नाही. गोळ्या, बाटली, सुई, सगळं त्याच्या हातातून जायचं, आणि त्यातला मोठा वाटा तो स्वतःच रिचवायचा. या खोलीवर तो पहिल्यांदा आला तो फक्त अंघोळीला. मग जेवायला. मग एका रात्रीपुरता निजायला. ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो, हे काय कोणी शिकवायला हवं? पलंग उंच आहे, तू पडशील, तुला जमिनीची सवय आहे, असं तो मायेने म्हणाला आणि पलंगावर आडवा झाला. गोळ्यांनी गाढ झोप लागते, मग राखण कोण करणार, म्हणून गोळ्या त्याने स्वतःकडे ठेवल्या. नंतर त्याला घड्याळजीच्या कण्हण्याचा त्रास व्हायला लागला, तेव्हा घड्याळजी आपण होऊन जिन्याखाली पंपापाशी गेला.

"आणि पाइपातला?" मावशीने विचारलं.

"तो परत आलाय. पण आता वेगळा कळत नाही, मावशी. तो आणि मुकादम एकच बोलतात."

मावशीने विचारलं, की मला सांगितलं का नाही. घड्याळजीने आपल्या बुटांकडे बघितलं. पाय काळे पडले तेव्हा मुकादमानेच त्याला पाठीवर घालून इस्पितळात नेलं होतं. "त्याने माझे पाय वाचवले," तो म्हणाला. "जे उरलेत ते."

मालकाचा माणूस दुसऱ्याच दिवशी येणार होता. मावशीच्या डोक्यात सगळं फिरून गेलं. पोलीस बोलवावे, तर ते दोघांनाही धरून नेणार आणि मालकाला आयतंच कारण मिळणार. आपणच जाऊन मुकादमाला बाहेर काढावं, तर आज निघेल आणि उद्या पुन्हा येईल. कारण मग खोली मावशीची ठरेल, घड्याळजीची नाही. मोठ्या बाईंना तिने फोन लावला.  त्या म्हणाल्या, की चहा आपण सगळ्यांनीच प्यायला होता, मावशी. आता मुकादमाला जा म्हणून त्याने स्वतः सांगितलं तरच ते टिकेल.

मावशीने घड्याळजीला सांगितलं, की मी शेजारी उभी राहीन, पण बोलायचं तुम्ही. म्हणून बघा. घड्याळजीने घसा खाकरला, समोर बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही आता इथून जा."

इस्त्रीवाल्याने इस्त्री वर धरली. "माझंच दुकान आहे," तो म्हणाला, "मी कुठे जाऊ?"

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा घड्याळजी हसला. ती रात्र त्याने संस्थेच्या कचेरीत काढली, भिंतीला टेकून, दिवा चालू ठेवून.

सकाळी ते दोघे जिना चढले. घड्याळजीचा हात दारावर टकटक करायला उचलला गेला होता. तो त्याने खाली आणला आणि किल्ली फिरवली.

मुकादम पलंगावर बसून केस विंचरत होता. अंगात घड्याळजीचा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत जेमतेम पोचलेल्या. दुसऱ्या कोणाच्या अंगावर ते हसण्यासारखं दिसलं असतं.

"या मावशी, बसा," तो म्हणाला, आणि खुर्ची दाखवली. यजमानासारखी. मावशी बसली नाही. मुकादमाने कंगवा गुडघ्यावर ठेवला आणि घड्याळजीकडे शांतपणे बघितलं. "बोल की रे. काहीतरी पाठ करून आलायस."

घड्याळजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. भिंतीत कुठेतरी पाणी घरघरलं. त्याची मान पाइपाकडे वळली, आणि मावशीला वाटलं, संपलं. तिच्या ओठांवर शब्द आले होते. ते तिने दातांखाली दाबून धरले, आणि आयुष्यात तिने एवढं जड काही उचललं नव्हतं.

"माझ्या गोळ्या दे," घड्याळजी म्हणाला.

हे पाठ केलेल्यातलं नव्हतं. मुकादम हसला. "गोळ्या कशाला? मी आहे ना जागा."

"तू झोपतोस. मी जागा असतो." घड्याळजी आता थांबत नव्हता. "ऊठ. पलंग माझा आहे. खोली माझी आहे. तू ऊठ."

खालून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग मुकादम उठला. त्याने स्वेटर काढला. चादर उचलली, टोकाला टोक जुळवून तिची घडी घातली, उशीवर ठेवली आणि वर तळहाताने दाबली. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर टाकलं. त्यात थोड्याच उरल्या होत्या. हे सगळं तो असं सावकाश करत होता, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दारात तो थांबला. "थंडी येतेय, घड्याळजी," तो म्हणाला. "पुलाखालची तुझी जागा मी अजून कोणाला दिलेली नाही."

मावशी त्याच्यामागून जिन्यापर्यंत गेली. तोही रस्त्यावरचाच माणूस, त्याचीही नस सुईने चाळण झालेली. तिने त्याला सांगितलं, की तुमच्यासाठीही खोलीचं बघता येईल, मी शब्द टाकते. मुकादमाने वळून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, कीवही नव्हती.

"मला खोली नको, मावशी," तो म्हणाला. "मला माणसं लागतात."

आणि तो जिना उतरून गेला.

घड्याळजीने खिडकी उघडली, जमीन पुसली. धुराचा वास जरा हलला. एवढ्यात मालकाचा माणूस नाक ओढत हजर झाला. त्याने पलंगाखाली वाकून बघितलं, न्हाणीघराचं दार ढकललं, हसला. एकटेच ना, म्हणाला. घड्याळजीने एकटाच म्हणून सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं. माणसाने आणखी एकदा नाक ओढलं, जणू हवेतून काही शोधतोय, आणि निघून गेला.

मावशीने सुस्कारा टाकला. पण घड्याळजी खिडकीशी गेला होता आणि तिथून हलत नव्हता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

समोरच्या पदपथावर मुकादम उभा होता. मालकाचा माणूस इमारतीतून बाहेर पडला, तसा तो रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेला. त्याने काडी पेटवून दोन्ही हातांच्या आडोशात धरली, मालकाच्या माणसाने वाकून सिगारेट पेटवली. मुकादम काहीतरी सांगू लागला. त्याचे ओठ फारसे हलत नव्हते. ऐकता ऐकता मालकाच्या माणसाचं हसू गेलं, त्याने मान वर केली, आणि मजले मोजत त्याची नजर दुसऱ्या मजल्यावरच्या या खिडकीवर येऊन थांबली.

"काय सांगत असेल?" घड्याळजीने विचारलं.

मावशीला माहीत नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. खरं सांगितलं तरी खोली जाण्यापुरतं ते पुरेसं होतं, आणि खोट्याला तर तळच नसतो. तिने पडदा ओढायला हात पुढे केला.

घड्याळजीने तो हात अडवला. त्याची बारीक बोटं बर्फासारखी गार होती.

"असू द्या," तो म्हणाला. "बघू दे त्यांना. मी इथे राहतो."

खालचे दोघे अजून वरच बघत होते. मग ते बरोबरच वळले आणि कोपऱ्याआड गेले, कोणत्या बाजूला ते या खिडकीतून दिसत नव्हतं. घड्याळजी उभा राहिला तो उभाच राहिला, उजेडात, सगळ्यांना दिसेल असा. आणि मावशीही, एका अंगाला कललेली, त्याच्या शेजारी.